सोप्याचं दुकान

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा साठ साल नुकतंच उलटलं होतं. आमचं घर शिवाजी पेठेतून महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. वाडा म्हणावा असं ते नव्हतं. तीन खणांचं, माडीचं, कौलारू घर. दोन्ही बाजूंच्या घरांना खांदा लावून उभं. पण रस्त्याकडचं तोंड देखणं होतं. काळ्या दगडाचं जोतं, चार पायऱ्या, त्यावर रस्त्याकडे उघडा असलेला सोपा आणि सोप्याच्या कडेला दोन सागवानी खांब. खांबांच्या माथ्यावर केळफुलं कोरलेली, आणि हात पुरेल तिथवर लाकूड हात लागून लागून काळं कुळकुळीत झालेलं. माडीचा जिना त्या सोप्यातूनच वर जायचा. सोप्याच्या मागं मधलं घर, त्यामागं स्वयंपाकघर, मग परसू. परसाच्या टोकाला संडास आणि त्यामागून जाणारी अरुंद बोळ. ती बोळ मैला नेणाऱ्या बायकांची. आम्ही कुणी तिकडं पाऊल टाकत नसू.

सोपा म्हणजे मामंजी, माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी नगरपालिकेच्या जकात नाक्यावर गेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबवायच्या, आत काय आहे बघायचं, पावती फाडायची आणि सोडायचं. निवृत्त झाले तरी ती नजर गेली नव्हती. सकाळी आंघोळ करून कपाळाला गंध लावून ते सोप्यात घोंगड्यावर बसत, ते जेवणापुरते उठत. कसबा बावड्याहून दूध घालायला येणारे, मंडईत भाजी नेणाऱ्या बायका, देवीला आलेले परगावचे लोक, सगळ्यांना त्यांची हाक ठरलेली. "काय पावणं, कुठलं गाव?" पावणा थांबायचा, पायरीवर टेकायचा. पाण्याचा तांब्या भरून ठेवायचं काम माझं.

सोपा गेला म्हणून आज हळहळणाऱ्या लोकांत मी नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो सोपा माझा कधीच नव्हता. पुरुष बसलेले असले की आम्ही मधल्या घराच्या दाराआडून तांब्या पुढं सरकवायचा. बाहेर जायचं तर डोक्यावरचा पदर सावरत, खाली मान घालून, भिंतीच्या कडेकडेनं. रस्ता मला ओळखीचा झाला तो मामंजींच्या बोलण्यातून.

सत्तर सालच्या सुमारास माझे यजमान काम करायचे तो उद्यमनगरातला कारखाना बंद पडला. ते लेथवर होते. आज ना उद्या सुरू होईल म्हणून काही महिने वाट बघण्यात गेले. तोवर आमच्या रस्त्याचं रूप पालटायला लागलं होतं. समोरच्या घराच्या ओट्यावर भांड्यांचं दुकान आलं, शेजारी चपलांचं. लोकांनी आपापल्या घरांची तोंडं भाड्यानं दिली आणि स्वतः मागं सरकले.

आमच्याकडे हा विषय आत्याबाईंनी काढला. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. एका दुपारी जेवणं झाल्यावर त्या मामंजींसमोर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "सोपा भाड्यानं देऊया."

मामंजी पान लावत होते. "आणि मी कुठं बसू?"

"माडीवर बसा. खिडकीतनं रस्ता दिसतोय की."

"खिडकीतनं रस्ता दिसतोय. रस्त्याला मी दिसत न्हाय."

"पोराच्या हाताला काम न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "चूल कशावर पेटवायची ते तुमीच सांगा."

मामंजींनी पान तोंडात घातलं नाही. तसंच तबकात ठेवलं आणि उठून गेले. हे भिंतीला टेकून खाली बघत होते. त्या दिवसापासून त्यांनी वडिलांच्या नजरेला नजर देणं सोडलं, ते बराच काळ.

भाडेकरू आला तो निपाणीकडचा कापडवाला. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, घरात कानडी, दुकानात मराठी. माणूस माझ्या यजमानांपेक्षा थोडाच मोठा, पण बोलणं वयस्कर. पहिल्याच दिवशी त्यानं आत्याबाईंना 'अक्का' केलं आणि मामंजींना 'अप्पा'. आत्याबाई हसल्या. मामंजींनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

मग मिस्त्री आला. बागवान गल्लीच्या मागं राहणारा म्हातारा मुसलमान सुतार. त्याच्या बापानं पेठेतली कितीतरी घरं बांधली, असं तो सांगायचा. सोप्याच्या तोंडाला लोखंडी शटर बसवायचं, जिना काढायचा, मधल्या घराचं दार बंद करायचं, असं काम होतं. कापडवाल्याला खांबही नको होते. रस्त्यावरून आतला माल दिसत नाही म्हणाला. तेव्हा मात्र मामंजी माडीवरून खाली आले आणि खांबाला पाठ लावून उभे राहिले. 

मिस्त्रीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा कापडवाल्याकडे. "शेठ, ह्येच्यावर वरची तुळई हाय," तो म्हणाला. "काढला तर माडी खाली यील." मग माझ्या यजमानांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "टेकू लावून काढता येतंय. पण मी न्हाय काढणार."

शेवटी खांब राहिले, पण त्यांना चारी बाजूंनी फळ्या ठोकून वर आरसे लावले. गिऱ्हाइकाला लुगडं अंगावर धरून बघायला सोय झाली.

जिना काढला तो दिवस मला आठवतो. त्या जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या. त्याच्या बदल्यात मिस्त्रीनं स्वयंपाकघरातून नवा जिना उभारला, उभा, शिडीसारखा, एका माणसापुरता. मधल्या घराचं दार लावून त्यावर दुकानाच्या बाजूनं फळ्या मारल्या आणि फळ्यांवर छपरापर्यंत कप्पे. त्या दिवशी मधल्या घरात दुपारीच अंधार झाला. दिवसा दिवा लावायची पाळी आमच्यावर पहिल्यांदा आली.

आता आमचं दार कुठलं? मागचं. परसातून बोळीत आणि बोळीतून रस्त्यावर.

आधी तिथं एक फळकूट होतं, त्याला यजमानांनी कडी-कोयंडा लावला. बोळ एवढी अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. मध्ये उघडं गटार. आणि रस्त्याला लागायच्या आधी एक काटकोनी वळण, शेजारच्या घराचा दगडी कोपरा पुढं आलेला.

पहिल्यांदा त्या वाटेनं बाहेर निघाले, तेव्हा आमच्याकडे मैला न्यायला येणारी बाई समोरून आली. डोक्यावर पाटी. मी लग्न होऊन आल्यापासून ती रोज येत होती आणि मी तिचा चेहरा बघितला नव्हता. ती चटकन भिंतीला लागून उभी राहिली, पाटी दुसरीकडे धरून. मी पुढं जाणार तोच म्हणाली, "बाई, आता तुमीबी हिकडनंच?"

मी म्हटलं, "व्हय. पुढं दुकान झालं."

"बघितलं न्हाय," ती म्हणाली. "तुमच्या घराचं पुढचं दारच मी कधी बघितलं न्हाय."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मी रस्त्याला लागले तरी ते वाक्य माझ्याबरोबर चालत होतं. पुढं नगरपालिकेनं ते संडास बंद करून दुसरे दिले आणि ती यायची थांबली. तोवर आम्ही दोघी त्या बोळीत रोज एकमेकींना वाट देत होतो. कधी ती थांबायची, कधी मी.

मामंजी माडीवर राहायला गेले. खिडकीशी त्यांची खाट लावली. सुरुवातीला खिडकीतून ते हाक मारत. पण वरून आलेली हाक लोकांना कळत नसे; माणसं इकडंतिकडं बघत आणि चालू लागत. हळूहळू हाका थांबल्या. तो उभा जिना त्यांना उतरवत नव्हता, म्हणून खाली येणंही कमी झालं. जेवणाचं ताट मी वर नेत असे.

दुकान सुरू होऊन वर्ष झालं असेल. एका सकाळी मामंजींनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला, जिन्याला घट्ट धरून उतरले आणि बोळीतून बाहेर पडले. मला वाटलं, देवळात निघाले असतील. कुठं तोल जायला नको म्हणून आत्याबाईंनी मला मागं पाठवलं. ते वळसा घालून रस्त्यावर आले आणि दुकानासमोर उभे राहिले. बराच वेळ नुसते वर बघत होते. दुकानाच्या नावाच्या पाटीमुळं माडीच्या खिडकीची खालची कड झाकली गेली होती. मग ते पायऱ्या चढले.

आत नवीन ठेवलेला विक्रेता होता, मुरगूडकडचा. त्यानं गादीवरची चादर झटकली आणि आवाज दिला, "या पावणं, या! बसा. काय दाखवू?"

मी खालच्या पायरीवर होते. मामंजींचा चेहरा मला खांबाच्या आरशात दिसला. चारी बाजूंनी कापडाचे गठ्ठे, ट्यूबलाइट, आणि मध्ये पटका बांधलेला त्यांचा चेहरा. ज्या जागी ते घोंगडं टाकून बसायचे, बरोबर तिथं ते उभे होते.

"काय न्हाय," ते म्हणाले. "बघायला आलतो."

कापडवाला आतून धावतच आला. त्यानं त्या विक्रेत्याला घाईघाईत कानडीतच काहीतरी झापलं आणि मामंजींचा हात धरला. "अप्पा, असं काय करताय? हे तुमचंच हाय. रोज येऊन गादीवर बसा की."

मामंजींनी हात सोडवून घेतला. रागानं नव्हे. "आपल्या घरात 'बसा' म्हणायला दुसरा कोण लागला," ते म्हणाले, "तर ते आपलं न्हाय ऱ्हायलं बाबा." आणि पायऱ्या उतरून आले. परतीच्या वाटेत बोळीच्या वळणावर दगडी कोपऱ्याला हात टेकून ते थोडे थांबले.  

त्यानंतर ते पुन्हा दुकानात गेले नाहीत, आणि कापडवाल्याशी बोललेही नाहीत. तो मात्र सणाला काहीबाही पाठवायचा. त्याची बायको आत्याबाईंकडे यायची. यजमानांना बावड्याच्या साखर कारखान्यात काम लागलं, तरी दुकान हलवायचा विषय कुणी काढला नाही. एकदा बसलेलं दुकान उठत नाही, हे सगळ्यांना कळलं होतं.

मामंजी गेले ते दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. पावसाळ्यापासून छातीत कफ होता. सकाळी चहा घेऊन मी वर गेले तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून पडले होते. मी हाक मारली, पुन्हा मारली. मग कप खाली ठेवला आणि आत्याबाईंना बोलवायला गेले.

पाहुणे जमले. त्या शिडीसारख्या जिन्यावरून त्यांना खाली आणताना फार हाल झाले. वरून दोघं, खालून दोघं, मध्ये चादरीत मामंजी. एकदा पायरीला अडकलं तेव्हा हे एवढ्या मोठ्यानं ओरडले, की मी त्यांचा तसला आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. मधल्या घरात त्यांना ठेवलं. आणि मग परसात तिरडी बांधायला बसलेल्या माणसांपैकी कुणीतरी विचारलं, "नेणार कुठनं?"

 एकजण बोळीत जाऊन बघून आला. "वळणावर तिरडी वळत न्हाय," तो म्हणाला. "चार खांदेकरी मावतच न्हाईत. उभी करून काढावी लागंल."

"उभी?" हे म्हणाले. 

पुढं दुकान भरून गेलं होतं. वर्षातले सगळ्यात गर्दीचे दिवस. भिंतीपलीकडून कापड फाडल्याचा चर्रचर्र आवाज येत होता. सकाळपासून रडणंही आम्ही दबक्या आवाजात चालवलं होतं, तिकडं कळू नये म्हणून. का, ते आज मला सांगता येणार नाही.

आत्याबाई मामंजींच्या उशाशी बसल्या होत्या. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि फळ्या मारलेल्या त्या दारावर तळहातानं थापा मारायला लागल्या. "अहो ऐका! दुकानवाले! ऐका!"

पलीकडचा आवाज थांबला. थोड्या वेळानं कापडवाला बोळीतून वळसा घालून धापा टाकत आला. उंबऱ्यात थबकला. मामंजींना बघितलं आणि पायातल्या चपला तिथंच काढल्या.

"अक्का, मला का सांगितलं न्हाय?"

आत्याबाई म्हणाल्या, "त्यांना पुढच्या दारानं न्यायचं हाय."

एवढंच. विनवणी नाही, रडणं नाही. कापडवाल्यानं फळ्यांकडे बघितलं. त्यांच्यापलीकडे त्याचे कप्पे होते, दिवाळीच्या मालानं गच्च भरलेले.

"आमच्यात माणसाला बसवून, फुलं घालून, वाजवत नेत्यात," तो म्हणाला. "आणि अप्पांना गटारावरनं उभं करून नेणार? मी जित्ता असताना?" आणि आला तसा परत गेला.

मग भिंतीपलीकडे त्याचा आवाज आला, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. "पावणं, बाया, समद्यांनी भाईर चला. आज दुकान बंद हाय. घरात मयत झालंय." घरात म्हणाला तो. मालकाच्या घरात, असं नाही म्हणाला.

कप्पे उपसायला वेळ लागला. माल गठ्ठ्यानं गादीवर, गादीवरून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून शेजारच्या दुकानांत. चपलांच्या दुकानातली पोरं मदतीला आली, समोरचा भांडीवालाही. कुणीतरी मिस्त्रीला निरोप दिला असावा, कारण फळ्या काढायला तोच आला, मुलाला घेऊन. त्यानं पटाशी घालून एकेक फळी उचकटली. प्रत्येक फळीसरशी आमच्या अंधाऱ्या मधल्या घरात उजेडाची एक पट्टी येत होती. शेवटची निघाली तेव्हा मामंजींच्या पायांपासून छातीपर्यंत ऊन पडलं. आत्याबाई तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या.

चौकट होती तशीच होती. तिच्यातून तिरडी बाहेर निघाली, दुकानातून, खांबांमधून, पायऱ्यांवरून. कापडवाल्यानं पहिल्या खांद्यासाठी माझ्या यजमानांकडे बघितलं. यांनी मान डोलावली आणि तो पुढं झाला. रस्त्यावर थांबलेली गिऱ्हाइकं बाजूला सरली. खरेदीला आलेल्या एका अनोळखी म्हातारीनं हात जोडले. पंचगंगेकडे पुरुष गेले.

मागं आम्ही बायका राहिलो. रिकाम्या दुकानात, रिकाम्या कप्प्यांमध्ये. मी सोप्याची फरशी धुऊन काढली. धुता धुता लक्षात आलं, की मी रस्त्याकडे तोंड करून, डोक्यावर पदर नसताना, सोप्याच्या मधोमध बसले आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि ही पहिली वेळ. मी लगेच उठले नाही.

तेरावा होईतो दुकान उघडलं नाही. आम्ही सांगितलं होतं, की दिवाळी आहे, उघडा. तो ऐकेना. चौदाव्या दिवशी मिस्त्रीला घेऊन आला आणि यजमानांना म्हणाला, "दार परत बंद करायचं न्हाय. मी एका अंगाचं कप्पं काढतो. माणूस सरळ जाईल एवढी वाट तुमची."

"तुमची जागा कमी होईल," हे म्हणाले.

"व्हय, होईल." त्यानं मिस्त्रीकडे वळून भिंतीवर हात ठेवला. "हितनं धर."

अशी आमच्या दुकानाच्या डाव्या अंगानं एक फळ्यांची वाट निघाली. छपरापर्यंत फळ्या, वर उजेडाला जाळी, टोकाला रस्त्याकडे एक अरुंद दार. सुंदर मुळीच नव्हती. नव्या कापडाचा, कांजीचा वास त्या वाटेत कायम भरलेला असे. अंगावरचं लुगडं फळीला घासायचं. पण बोळीत जायची गरज उरली नाही. सुतक फिटल्यावर बऱ्याच दिवसांनी आत्याबाई त्या वाटेनं बाहेर पडल्या, पायरीवर उभ्या राहिल्या, रस्ता दोन्हीकडं बघितला आणि म्हणाल्या, "जाऊन येतो." आमच्याकडच्या बायका 'येते' न म्हणता असंच बोलतात. देवळात गेल्या आणि संध्याकाळपर्यंत आल्याच नाहीत. ओळखीच्या चार घरी बसून आल्या.

ऐंशी साल उलटल्यावर आम्ही कसबा बावड्यात दोन खोल्या बांधल्या. आत्याबाई काही आल्या नाहीत. "तिथं मला बोलायला कोण हाय?" म्हणाल्या. मधल्या घरातच राहिल्या. आमच्या रस्त्यावर तोवर एकही सोपा उरला नव्हता. माडीवर गोदामं आली, काही घरांना तर वरूनही काचा लागल्या. रस्त्यावरून चालताना मान वर केली तरच जुन्या तुळयांची टोकं दिसत.

रविवारी मी त्यांना भेटायला जात असे. जेवायला बसलं की फळ्यांच्या पलीकडचा व्यापार अक्षर न् अक्षर ऐकू यायचा. आत्याबाईंना त्याची गोडी लागली होती. घास हातात धरून त्या कान देत. "लगीनवाली हाईत," मला खुणेनं सांगत. "नवरीकडची. बोलण्यावरनं मुरगूडच्या अंगाची वाटत्यात." पलीकडे घासाघीस वाढत चालली की आत्याबाईंचा चेहरा गंभीर व्हायचा. मग एकदा एकाएकी त्या फळीवर बोटं वाजवून म्हणाल्या, "अहो, पोरीचं लगीन हाय, ताणू नका!"

 पलीकडून कापडवाल्याचा आवाज आला, "बरं अक्का."

"जेव," आत्याबाई मला म्हणाल्या. "आमटी गार व्हायला लागली."